जूनमधला पैसा आणि नोव्हेंबरमधला पैसा

लातूरला अर्थशास्त्रात एमए करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "वित्तीय समावेशनाने विकसनशील देशांत गरिबी कमी होते, असं पुस्तकात वाचते. जनधनची 50 कोटींहून जास्त खाती उघडली गेली. पण आमच्या गावात बऱ्याच बायकांच्या खात्यात सरकारी अनुदान सोडून काही येत नाही, आणि फायनान्सच्या हप्त्यांनी कित्येकजणी अडचणीत आल्या आहेत. मग समावेशनाचा परिणाम खरा की कागदावरचा? मला गावात पाहणी करायची आहे. काय विचारू?"

मी 31 वर्षं एका ग्रामीण बँकेत काढली, त्यातली बहुतेक बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या लहान शाखांमध्ये. निवृत्तीनंतर बचत गटांबरोबर काम करतो. तेव्हा उत्तर थोडं लांबेल. वित्तीय समावेशन म्हणजे गरिबालाही बचत खातं, कर्ज, विमा अशा सेवा मिळणं, आणि गावात ज्याला "फायनान्स" म्हणतात ते म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या.

गरिबाकडे पैसा कमी असतो हे आपण सगळेच म्हणतो. पण ते अर्धंच आहे. गरिबाचा पैसा चुकीच्या दिवशी येतो. तुमच्याच गावाकडे पाहा. सोयाबीनचे पैसे येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, घरावरचे पत्रे, हा सगळा खर्च येतो जूनमध्ये. नोव्हेंबरातले 5 हजार रुपये जूनपर्यंत सांभाळून नेता आले, तर ते घर सावकाराकडे जात नाही. नाही नेता आले, तर तेच घर जूनमध्ये शेकडा 3 ते 5 रुपये महिना व्याजाने पैसे उचलतं, आणि नोव्हेंबरात पीक निघालं की पहिला वाटा तिकडे जातो. दोन्ही घरांचं वर्षाचं उत्पन्न सारखंच असू शकतं, तरी पाच वर्षांनी दोघं एका जागी नसतात. वित्तीय समावेशनाचा जो काही खरा आर्थिक परिणाम आहे, तो मला कायम इथेच सापडला: पैसा एका दिवसातून दुसऱ्या दिवसात नेता येतो का, आणि त्यासाठी किती किंमत मोजावी लागते.

हे आजचंही नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ज्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्याची कारणं अनेक होती, पण एक अगदी साधं होतं. सरकारचा शेतसारा रोखीत आणि ठरलेल्या वेळी भरायचा होता, मग पीक विकलं गेलेलं असो वा नसो. मधलं अंतर सावकार भरून काढायचा. पुढे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला 1904 मध्ये. तरीही गोरवाला समितीने 1951-52 ची ग्रामीण पतपाहणी केली तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला 3.1 टक्के, आणि व्यापारी बँकांचा 1 टक्क्याहूनही कमी. जवळजवळ 70 टक्के सावकारांचा होता.

1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि विशेषतः 1977 ते 1990 या काळात रिझर्व्ह बँकेचा एक नियम होता: शहरात, म्हणजे जिथे आधीच बँक आहे तिथे, एक शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी पुढे याच नियमाचा आधार घेऊन दाखवलं की ज्या राज्यांत अशा ग्रामीण शाखा जास्त उघडल्या, तिथे ग्रामीण गरिबी जास्त उतरली. या निष्कर्षावर अर्थतज्ज्ञांत वाद झाला आहे, आणि त्या काळात कर्जं मोठ्या प्रमाणात थकली हेही खरं आहे. पण मी शाखेत बसून जे पाहिलं ते या निष्कर्षाच्या बाजूचं होतं. ज्या गावात आमची शाखा होती आणि ज्या गावातून 14 किलोमीटर चालत यावं लागायचं, त्या दोन गावांतल्या ठेवी पाहा. 14 किलोमीटर चालून 200 रुपये भरायला कुणी येत नाही, एक दिवसाची मजुरी बुडते. अंतर ही बँकेची सगळ्यात मोठी फी असते आणि ती कुठल्याही फलकावर लिहिलेली नसते.

आता तुमचा पहिला मुद्दा, रिकामी खाती.

कुठल्या देशात किती लोकांकडे खातं आहे आणि ते कसं वापरतात हे पाहणाऱ्या जागतिक बँकेच्या फिंडेक्स पाहणीप्रमाणे भारतात 2011 मध्ये 35 टक्के प्रौढांकडे खातं होतं, 2017 मध्ये ते 80 टक्के झालं. 28 ऑगस्ट 2014 ला सुरू झालेल्या जनधनचा त्यात मोठा वाटा आहे. पण त्याच 2017 च्या पाहणीत खातं असलेल्यांपैकी 48 टक्क्यांनी वर्षभरात ना एक पैसा भरला होता, ना काढला होता. 2021 मध्ये हे प्रमाण 35 टक्क्यांवर आलं. त्या काळात आम्ही शिबिरं लावून दिवसाला शेकडो खाती उघडायचो आणि संध्याकाळी आकडा वर कळवायचो. लोकांच्या हातात पासबुक दिलं, पण पैसे कुठे भरायचे, कुठे काढायचे हे सांगायला आणि तशी जागा द्यायला आम्ही कमी पडलो. याची खंत मला आजही आहे.

केवळ खातं देऊन काय होतं, हे युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत मुद्दाम तपासून पाहिलेलं आहे. फुकट खाती दिली, दोन वर्षं पाहिलं. पाच किंवा जास्त वेळा पैसे भरणारे युगांडात 17 टक्के, मलावीत 10 टक्के, चिलीत 3 टक्के निघाले. सरासरी कुटुंबाच्या राहणीमानात फरक दिसला नाही. याच्या उलट उदाहरण पश्चिम केनियातल्या बुमालाचं. तिथल्या बाजारात बसणाऱ्या बायकांना असं खातं दिलं, ज्यावर व्याज शून्य आणि पैसे काढायला फी! तरी बायकांनी ते वापरलं आणि त्यांची धंद्यातली गुंतवणूक चांगलीच वाढली. सायकल-टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांना तेच खातं दिलं, त्यांच्यात मात्र परिणाम दिसला नाही. फी भरूनही बाई पैसा घराबाहेर ठेवते, कारण घरातला पैसा तिचा राहत नाही. डब्यातले पैसे नवरा मागतो, दीर मागतो, नणंदेच्या बाळंतपणाला लागतात. आपल्याकडे भिशी का टिकली? ती पैसा वाढवते म्हणून नव्हे, ती पैसा घरच्यांपासून लांब ठेवते म्हणून. "भिशीत अडकलेत" असं बाईला सांगता येतं.

म्हणून खातं कुणाच्या नावावर, हे मला खात्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं. उत्तर मध्य प्रदेशात एक प्रयोग झाला. रोजगार हमीची मजुरी पुरुषाच्या किंवा घराच्या खात्याऐवजी थेट त्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करायची, आणि तिला खातं वापरायचं थोडं शिक्षण द्यायचं. या दोन्ही गोष्टी जिथे झाल्या तिथे बायकांचं कामावर जाणं वाढलं, रोजगार हमीवर आणि बाहेरच्या कामावरही. आधी ज्या बायका कामालाच जात नव्हत्या, त्यांच्यात फरक जास्त होता. नुसतं खातं उघडून इतकं झालं नाही. माझ्या शाखेत बायको काउंटरवर आणि पासबुक नवऱ्याच्या खिशात, हे चित्र मी वर्षानुवर्षं पाहिलं. लाडकी बहीणचे 1500 रुपये यायला लागल्यावर गटातल्या बऱ्याच बायका पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या. त्या योजनेच्या खर्चाबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण आपलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे त्या एका वर्षात जितक्या बायकांना कळलं, तितकं आमच्या सगळ्या शिबिरांत मिळून कळलं नव्हतं. कित्येकींचे पैसे कधीकाळी मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन उघडल्या गेलेल्या, त्यांना आठवतही नसलेल्या खात्यात गेले होते. ते शोधून काढण्यात आमचे दोन महिने गेले.

अंतराचा मुद्दा परत घेतो, कारण सगळ्यात ठोस पुरावा तिथला आहे. केनियात मार्च 2007 मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा सुरू झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या कुटुंबांचा बरीच वर्षं मागोवा घेतला. आजारपण, नोकरी जाणं, पीक बुडणं असा धक्का बसला की एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा दरडोई खर्च सुमारे 7 टक्क्यांनी खाली यायचा. वापरणाऱ्या घरांचा खाली येत नव्हता. का? कारण शहरातला भाऊ, मावशी, जुना शेजारी अशा चार ठिकाणांहून थोडे थोडे पैसे त्याच दिवशी पोचत होते. पुढे 2016 मध्ये त्यांनी हिशेब मांडला की या सेवेमुळे सुमारे 1 लाख 94 हजार कुटुंबं, म्हणजे केनियातली जवळजवळ 2 टक्के, दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे 1 लाख 85 हजार स्त्रिया शेती सोडून धंद्याकडे वळल्या. हा हिशेब त्यांनी मांडला तो कुटुंबाच्या जवळपास एजंट किती वाढले यावरून, फोन कुणाकडे आहे यावरून नव्हे. हातात पैसे देणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आला, तेव्हा फरक पडला.

आपल्याकडे तो माणूस म्हणजे बँक मित्र. 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला वाट करून दिली. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, आणि दर व्यवहारामागे काही रुपये कमिशन. हा सगळ्या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे आणि सगळ्यात कमी पैसे त्याला मिळतात. गल्ल्यात रोकड नसेल तर तो "उद्या या" म्हणतो. ऊस तोडणाऱ्याचा, हळद काढणाऱ्या बाईचा अंगठा झिजलेला असतो, यंत्रावर उमटत नाही. आणि काही ठिकाणी फसवणूकही होते. "नेटवर्क गेलं, परत अंगठा लावा" म्हणून दोनदा पैसे निघतात. आमच्या गटांत नियम केलाय: दुसऱ्यांदा अंगठा लावायच्या आधी पहिल्याची पावती मागायची, निघाली नसेल तर मोबाइलवर संदेश आला का ते पाहायचं. यूपीआयचे व्यवहार ऑगस्ट 2025 मध्ये महिन्याला 2 हजार कोटींच्या पुढे गेले, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ज्या बाईकडे स्वतःचा फोन नाही, तिच्यासाठी बँक म्हणजे अजून तो किराणा दुकानाचा कोपराच आहे.

आता कर्ज. तुमच्या गावातली खरी दुखरी जागा हीच असणार.

छोट्या कर्जाने गरिबी हटते, असं एकेकाळी मोठ्या विश्वासाने सांगितलं जायचं. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को या सहा देशांत ते तपासलं गेलं आणि 2015 मध्ये निष्कर्ष एकत्र छापले गेले. भारतातली पाहणी हैदराबादच्या वस्त्यांमधली होती. सार एकच निघालं: थोडाफार उपयोग होतो, धंदा करू इच्छिणाऱ्यांना जरा मोकळीक मिळते, पण सरासरी कुटुंबाचं उत्पन्न ठळकपणे वाढलेलं दिसत नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. हप्ता सुरू होतो कर्ज मिळाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. शेळी घेतली तर ती आठवड्यात विकता येत नाही, शिलाई मशीन घेतलं तर पहिली गिऱ्हाइकं जमायला दोन महिने जातात. मग पहिले हप्ते जातात कुठून? कर्जाच्याच पैशातून, किंवा मजुरीतून. म्हणून बाई धंद्याला हात न घालता असाच खर्च करते ज्यात धोका नाही. कोलकात्यात कर्जदारांना पहिल्या हप्त्यासाठी दोन महिन्यांची सवलत देऊन पाहिली, तर धंद्यातली गुंतवणूक वाढली आणि पुढच्या काळातला नफाही वाढला. पण थकबाकीही वाढली, म्हणून कंपन्या ही सवलत सहजासहजी देत नाहीत. इथेही प्रश्न रकमेचा नव्हता, तारखेचा होता.

आमच्या भागात हे अधिक टोकाला जातं. उत्पन्न वर्षातून दोनदा आणि हप्ता पंधरवड्याला. मधले हप्ते भरायला दुसऱ्या फायनान्सचं कर्ज, ते भरायला तिसऱ्याचं. सेंटर मिटिंगला, म्हणजे हप्ते गोळा करायच्या बैठकीला, एकीने हप्ता भरला नाही की बाकीच्या उठत नाहीत, म्हणजे वसुली शेजारणीच करते. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात हेच वाढत गेलं, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून कंपन्यांवर कडक निर्बंध घातले. वसुली कोसळली. याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. बँकांनी घाबरून देशभरच मायक्रोफायनान्सचा पतपुरवठा आखडता घेतला. ज्या जिल्ह्यांचा आंध्रशी काही संबंध नव्हता, पण जिथल्या कंपन्यांचा पैसा आंध्रात अडकला होता, तिथे रोजंदारी मजुरांची मजुरी घसरली, असं ब्रेझा आणि किनन या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं. ज्याने कधी कर्ज घेतलंच नाही, त्या मजुरालाही फटका बसला, कारण त्याला कामावर लावणाऱ्यांच्या हातातला पैसा आटला होता. तेव्हा "हे फायनान्सवाले बंदच करा" असं आपल्याकडे सभेत कुणी म्हणालं की मी टाळी वाजवत नाही. बंद केलं की बाई सावकाराकडे जाते. आणि मला सावकार माहीत आहे.

1 एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. नियम चांगला आहे. पण उत्पन्न लिहिणारा माणूस तोच असतो ज्याला कर्ज वाटायचं उद्दिष्ट दिलेलं असतं. गटातल्या बायकांना मी एवढंच शिकवतो: व्याज सपाट आहे की शिल्लक रकमेवर, हे विचारा. 30 हजार रुपये 12 टक्के सपाट दराने वर्षभरासाठी घेतले तर व्याज 3,600 होतं आणि स्वस्त वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे समावेशन पोचलेलंच नाही. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीसाठी मजूर नेणारा मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, देतो. ती बहुतेक घरांत दिवाळीआधीच वाटली जाते: दुकानाची उधारी, लग्नाचं देणं, मागच्या हंगामातली न फिटलेली बाकी. मग ते जोडपं पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ऊस तोडून ती फेडतं. त्यांच्याकडे जनधन खातं आहे. त्याने उचलीच्या व्यवहारात काहीही बदललेलं नाही. कारण मुकादम कर्ज देतो ते पुढच्या मजुरीवर, अगदी ज्या महिन्यात घराला पैसा हवा असतो त्या महिन्यात, आणि सातबारा मागत नाही. आम्ही बँकवाले सातबारा मागत बसलो. भूमिहीनाला ऑगस्टमध्ये 20 हजार रुपये कुठल्या तारणावर द्यायचे, याचं उत्तर माझ्या नोकरीत मला देता आलं नाही. बचत गटाच्या अंतर्गत कर्जाने काही घरांत उचलीची रक्कम कमी झाली, इतकंच मी खात्रीने सांगू शकतो.

ज्यांच्याकडे थोडंफार पीक आहे, त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट आपल्याकडे 1990 पासून आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. सोयाबीन किंवा तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायचं, भाव चढला की विकायचं. केनियात मक्याबाबत बरंचसं असंच कर्ज देऊन पाहिलं. शेतकऱ्यांनी सुगीत विकायचं थांबवलं, नंतर विकलं, कमाई वाढली. आणि जिथे अशी कर्जं घेणारे पुष्कळ होते, तिथे बाजारात सुगीतली भावाची घसरण कमी झाली आणि नंतरची भाववाढही कमी झाली. म्हणजे कर्ज न घेतलेल्या शेतकऱ्यालाही सुगीत बरा भाव मिळाला, आणि मका विकत घेऊन खाणाऱ्यालाही पुढच्या महिन्यांत थोडा दिलासा मिळाला. समावेशनाचा आर्थिक परिणाम एका घरापुरता नसतो, असं तुम्हाला प्रबंधात लिहायचं असेल तर हे उदाहरण जरूर घ्या.

विम्याचं थोडक्यात सांगतो, पण सोडू नका. खात्यातून दरवर्षी 436 आणि 20 रुपये कापले जात असतील तर पहिला आयुर्विमा आणि दुसरा अपघात विमा आहे, दोन्ही 2 लाखांचे. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं. माणूस गेल्यावर पासबुक पेटीत जातं आणि दावा कुणी करतच नाही. साप चावून किंवा झाडावरून पडून मृत्यू झाला तरी अपघात विम्याचा दावा होतो, मात्र त्या वेळचा दवाखान्याचा कागद लागतो. तुम्ही घरोघर जाणारच आहात, तर पासबुकातली ती नोंद त्यांना दाखवा.

आता पाहणी. "तुमचं बँकेत खातं आहे का" हा प्रश्न एका ओळीत उरकून टाका, सगळे हो म्हणतील. त्याऐवजी विचारा: गेल्या जूनमध्ये पेरणीला पहिले 5 हजार रुपये कुठून आणले? त्यावर किती जास्तीचे द्यावे लागले? घरातलं शेवटचं मोठं आजारपण झालं तेव्हा कुणाचे पैसे किती दिवसांत पोचले? पैसे काढायला कुठे जाता, तिथून कितीदा रिकाम्या हाती परत आलात? पासबुक कुणाकडे असतं? फिंडेक्समध्येही असा एक प्रश्न असतो, महिनाभरात अडचणीला पैसे उभे करता येतील का, आणि 2021 मध्ये विकसनशील देशांत फार त्रास न होता करता येतील म्हणणारे 55 टक्केच होते.

बायकांना घरात विचारू नका, सासू-नवऱ्यासमोर खरं सांगत नाहीत. पाणवठ्यावर, शेतात, गटाच्या बैठकीनंतर बोला. आणि पाहणी एकदाच करून थांबू नका. एकदा जूनमध्ये जा आणि त्याच घरांत पुन्हा दिवाळीनंतर जा. दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी मांडून मला पाठवा, आपण बसून वाचू.